ठीक आहे म्हणू नका, कसं आहे ते सांगा

(युवक-युवतींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



माजी सैनिक, कंपवात, अपंगत्वाची वैद्यकीय तपासणी. विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, हा तर घरातल्या मोठ्या माणसांचा विषय, आम्हाला कशाला? पण तपासणीला निघालेल्या अब्बांच्या शेजारी रिक्षात कोण बसतं? ऑनलाइन अर्ज कोण भरतं, ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो, केस पेपरच्या रांगेत कोण उभं राहतं? तुम्हीच. त्या दिवशी घरातली सगळ्यात जास्त शिकलेली व्यक्ती बहुतेक वेळा तुम्हीच असता. म्हणून हा विषय तुमचा आहे.

मी स्वतः डॉक्टर नाही, वकीलही नाही. गेली काही वर्षं अशा कुटुंबांबरोबर मी सरकारी रुग्णालयात जाते, फाइल लावून देते, बाहेरच्या बाकड्यावर बसते. तिथे जे दिसतं आणि कायद्यात जे लिहिलं आहे, ते दोन्ही आज सांगणार आहे.

बाकड्यावर एक गोष्ट फार वेळा दिसते. डॉक्टर विचारतात, "काय चाचा, तब्येत कशी आहे?" चाचा हसून म्हणतात, "अल्हम्दुलिल्लाह, ठीक आहे." त्यात खोटं काही नाही. ते देवाचे आभार मानत आहेत, समोरच्याशी अदबीने बोलत आहेत. त्यातून ते सैन्यातले असतील तर तक्रार करायची नाही, ही सवय हाडात मुरलेली. पण समोरचा डॉक्टर हे उत्तर वैद्यकीय उत्तर म्हणून ऐकतो. कागदावर लिहिलं जातं, विशेष तक्रार नाही. आणि पहाटे तीन वाजता कूस बदलायला चाचांना कोणाला तरी उठवावं लागतं, हे त्या कागदावर कुठेच येत नाही.

सब्र करणं वेगळं आणि विचारलेल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर देणं वेगळं. आज मला एवढंच सांगायचं आहे. ही तपासणी एका दिवसाची असते, आजार मात्र वर्षाचे ३६५ दिवस असतो. उरलेले ३६४ दिवस त्या खोलीत खरेपणाने कसे न्यायचे, याचीच तयारी करायची.

दोन दारं, दोन वेगळे प्रश्न

आधी एक गोंधळ दूर करू. माजी सैनिकासाठी अपंगत्व तपासणीची दोन वेगळी दारं आहेत आणि लोक ती एकच समजतात.

पहिलं दार सगळ्या नागरिकांसाठी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६. आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, या कायद्यात ते २१ झाले. त्यात दीर्घकालीन मज्जासंस्थेच्या आजारांमध्ये पार्किन्सन्स, म्हणजे आपण ज्याला कंपवात म्हणतो तो, आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस यांची नावं स्पष्ट लिहिली आहेत. या दारातून मिळतं ते दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, त्यात रुग्णालय निवडायचं, तारीख मिळाली की तपासणीला जायचं. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर कायद्याच्या भाषेत ते 'लक्षणीय दिव्यांगत्व' ठरतं आणि बहुतेक सवलती तिथून सुरू होतात. कार्डाचा रंगही त्यावर ठरतो. ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि त्यापुढे निळं.

दुसरं दार सैन्याचं आहे. सेवेतून बाहेर पडताना किंवा नंतर होणारं सैन्याचं वैद्यकीय मंडळ, ज्याला सगळे 'मेडिकल बोर्ड' म्हणतात. त्यावर अपंगत्व निवृत्तिवेतन अवलंबून असतं. इथे किमान टक्केवारी २० आहे. पण नुसती टक्केवारी पुरत नाही. आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे बळावला, हेही ठरावं लागतं.

थोडक्यात, सिव्हिल हॉस्पिटलचं मंडळ एकच प्रश्न विचारतं, किती? सैन्याचं मंडळ दोन प्रश्न विचारतं, किती आणि कशामुळे? पहिल्या दारातून मिळालेलं प्रमाणपत्र दाखवून दुसऱ्या दारातलं पेन्शन मिळत नाही. आणि दुसऱ्या दारातून नकार आला म्हणून पहिलं बंद होत नाही. कित्येक माजी सैनिकांनी सैन्याकडून नकार आल्यावर सिव्हिलकडे कधी अर्जच केलेला नसतो. घरात असं कोणी असेल तर आजच विचारा.

'कशामुळे' या प्रश्नाचं उत्तर जुन्या कागदात असतं

मल्टिपल स्क्लेरॉसिस बहुधा वयाच्या २० ते ४० या काळात सुरू होतो, म्हणजे ऐन नोकरीत. पार्किन्सन्स बहुतेकांना साठीच्या आसपास गाठतो. जवान मात्र त्याच्या कितीतरी आधी निवृत्त झालेला असतो. म्हणून पार्किन्सन्सच्या बाबतीत सैन्याचं दार अरुंद आहे, हे मी तुम्हाला आधीच सांगते. खोटी आशा घेऊन कोणी जाऊ नये.

काही देशांत हा पुराव्याचा भार सरकारने काही अंशी स्वतःकडे घेतला आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने जंगलाची पानं झडवण्यासाठी 'एजंट ऑरेंज' नावाचं रसायन फवारलं होतं. त्या युद्धात सेवा केलेल्या सैनिकाला पुढे पार्किन्सन्स झाला तर तो सेवेमुळेच झाला, असं तिथलं माजी सैनिक खातं २०१० पासून गृहीत धरतं. मल्टिपल स्क्लेरॉसिस सेवेतून सुटल्यावर ७ वर्षांच्या आत ठरावीक प्रमाणात दिसला, तरी तिथे असंच गृहीत धरलं जातं. आपल्याकडे आजाराच्या नावावरून अशी सरसकट सोय नाही. म्हणून आपल्याकडे कागद महत्त्वाचा.

पण आपल्याही सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत एक महत्त्वाचा निकाल दिला आहे. तुम्ही तो नावानिशी लक्षात ठेवा. धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार, २०१३. धरमवीर सिंग सिग्नल्स कोअरमधले जवान. १९८५ मध्ये भरती झाले, १९९४ मध्ये अपस्माराच्या, म्हणजे फिट्सच्या, कारणाने त्यांना सेवेतून बाहेर पडावं लागलं. मंडळाने अपंगत्व २० टक्के धरलं, पण आजार शरीराचाच आहे, सेवेशी संबंध नाही, असं लिहिलं. पेन्शन नाकारलं गेलं. न्यायालयाने विचारलं, भरतीच्या वेळी या माणसाला असा आजार असल्याची नोंद आहे का? नाही. मग भरतीच्या वेळी तो धडधाकट होता असंच धरलं पाहिजे. सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करण्याचा भार सैनिकावर टाकता येणार नाही, संशयाचा फायदा त्यालाच मिळाला पाहिजे, आणि मंडळाने आपल्या मताची कारणं लिहिली पाहिजेत. मज्जासंस्थेच्या आजाराबद्दलचाच हा निकाल आहे.

पुढे २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात न्यायालयाने टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याचा लाभही सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांना दिला. म्हणजे अपंगत्व ५० च्या खाली असेल तर पेन्शनसाठी ते ५० धरायचं, ५० ते ७५ असेल तर ७५, त्यापुढे १००. पण एक सावधगिरी बाळगा. २१ सप्टेंबर २०२३ पासून सैन्यदलांसाठी नवे नियम लागू झाले आहेत. त्यामुळे कोणाच्याही प्रकरणात पहिला प्रश्न हाच विचारायचा, सेवेतून बाहेर पडल्याची तारीख कोणती? जुना निकाल नव्या प्रकरणाला जसाच्या तसा चिकटवू नका.

आता घरातली लोखंडी पेटी उघडा. डिस्चार्ज बुक, पीपीओ, सुटतानाच्या मेडिकल बोर्डाची प्रत, सेवेत असताना दाखल झाल्याची कागदपत्रं, डोक्याला मार लागल्याची नोंद, बदललेली मेडिकल कॅटेगरी. डोक्याला झालेली गंभीर दुखापत आणि पुढे होणारा पार्किन्सन्स यांचा संबंध संशोधनात दिसलेला आहे. पण एका माणसाच्या बाबतीत तो लागू होतो की नाही, हे त्याच्या नोंदींवरून ठरतं. 'अब्बा सांगायचे, गाडी उलटली होती' एवढ्यावर मंडळ निर्णय देणार नाही. पेटीत कागद नसेल तर त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा, माहितीच्या अधिकारात प्रत मागा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अशा अर्जांत मदत करतं, आणि ते कार्यालय त्यासाठीच आहे.

आजाराच्या नावाला टक्के मिळत नाहीत

आता सिव्हिलच्या दाराकडे वळू. इथे सगळ्यात मोठा गैरसमज असा, की 'पार्किन्सन्स आहे' हे सिद्ध झालं की काम झालं. तसं नसतं. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये या आजारांबद्दल जे म्हटलं आहे त्याचा अर्थ असा, की हे आजार अनेक अंगांनी दिसतात, स्नायू आणि हालचालींत दिसतात, मनावर आणि वागण्यावरही दिसतात. टक्केवारी या परिणामांची मोजायची. मार्च २०२४ मध्ये सुधारित सूचना आल्या. तुमच्या तपासणीच्या वेळी ज्या लागू असतील त्या पाहा. पण परिणाम मोजायचे, ही गोष्ट मनात पक्की ठेवा.

म्हणून हात थरथरतो एवढंच सांगून थांबायचं नाही. पार्किन्सन्समध्ये काहींना कंप अगदी कमी असतो, पण शरीर आखडतं, हालचाल मंदावते. अक्षर बारीक होत जातं आणि बँकेत सही जुळत नाही. आवाज खोल जातो. चेहऱ्यावरचे भाव कमी होतात आणि घरच्यांना वाटतं, अब्बा रागावलेत. दारातून आत शिरताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. उठून उभं राहिलं की रक्तदाब उतरून चक्कर येते. बद्धकोष्ठ, झोपेत ओरडणं, वास न येणं, उदासी, विसराळूपणा, हे सगळं त्याच आजाराचा भाग असू शकतं. घरचे लोक यातल्या अर्ध्या गोष्टी 'वय झालं' म्हणून सोडून देतात आणि डॉक्टरला सांगतच नाहीत. मग त्या कुठल्याच केस पेपरवर नसतात, आणि बोर्डासमोर पहिल्यांदा सांगितल्या की त्यांना वजन राहत नाही. म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरला हे सगळं आधीपासून सांगत राहा.

वेगवेगळ्या परिणामांच्या टक्क्यांची साधी बेरीजही होत नाही. हाताचे ३० आणि पायाचे ३० म्हणजे ६० झाले, असा हिशेब घरी करून कोणाला वचन देऊ नका.

गोळीची वेळ आणि दारातला माणूस

या आजाराची एक गोष्ट माहीत नसेल तर तपासणी फसते. पार्किन्सन्सचं मुख्य औषध लेव्होडोपा. गोळी लागू झाली की माणूस चालतो, बोलतो, बटण लावतो. तिचा असर उतरला की तोच माणूस खुर्चीतून उठू शकत नाही. आजार जुना होतो तसे हे चढउतार वाढतात. सकाळी ८ ला गोळी घेतली, १० ला आत बोलावलं, तर डॉक्टरला दिवसातला सगळ्यात चांगला माणूस दिसतो. काही रुग्ण तर डॉक्टरसमोर गेल्यावर नेहमीपेक्षा ताठ चालतात. सैनिक असेल तर विचारूच नका, साहेबांसमोर उभं राहायचं म्हटल्यावर तो उरलीसुरली सगळी ताकद गोळा करतो. घरी आल्यावर दोन दिवस उठत नाही.

मग काय करायचं? काही लोक सल्ला देतात, त्या दिवशी गोळी देऊच नका, म्हणजे 'नीट दिसेल'. मी हात जोडून सांगते, हे कधीही करू नका. हे औषध अचानक बंद केलं तर शरीर कडक होऊन तीव्र ताप येण्यासारखी जिवावर बेतणारी अवस्था होऊ शकते. रमजानमध्येसुद्धा काही घरांत गोळ्यांच्या वेळा परस्पर बदलतात. आजारी माणसाला रोजाची सवलत आहे, आणि तरीही कोणाला रोजा ठेवायचाच असेल तर आधी डॉक्टरला विचारायचं. तपासणीसाठी तर नाहीच नाही.

करायचं ते एवढंच. नेहमीच्या वेळी गोळी द्या. ती किती वाजता दिली हे कागदावर लिहा. आत गेल्यावर सांगा, "डॉक्टरसाहेब, आठला गोळी घेतली आहे. आत्ता तिचा असर आहे. बाराच्या पुढे ते असे नसतात, त्याची नोंद या वहीत आहे." हे एक वाक्य तपासणीचं चित्र बदलू शकतं, आणि त्यात कणभरही अतिशयोक्ती नाही.

दोन आठवड्यांची वही

ही वही म्हणजे तुमच्या तयारीचा गाभा. शंभर पानी साधी वही घ्या. चार रकाने पाडा. वेळ, गोळी, काय जमलं, काय जमलं नाही. तारखेच्या आधी दोन आठवडे रोज भरा. चांगला दिवस गेला तर तोही लिहा. सगळेच दिवस वाईट लिहिलेल्या वहीवर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये.

लिहिताना विशेषणं नको, काम लिहा. 'फार त्रास होतो' यातून डॉक्टरला काही कळत नाही. 'कुर्त्याची पाच बटणं लावायला दहा मिनिटं लागली, दोन मी लावली' यातून कळतं. 'वुजू करताना तोल गेला, नळाला धरलं.' 'सजद्यातून उठता येत नाही, सहा महिन्यांपासून नमाज खुर्चीवर.' 'घास तोंडापर्यंत जाताना सांडतो, म्हणून लग्नात जेवायला बसत नाहीत.' 'रात्री चार वेळा कूस बदलून द्यावी लागली.' 'मंगळवारी मोरीत पडले, कोपराला तीन टाके, केस पेपर जोडला आहे.' प्रत्येक वाक्यात तीन गोष्टी याव्यात. कोणतं काम, किती वेळा, कोणाची मदत.

मोबाइलवर छोटे व्हिडिओही काढा, पण आधी त्यांची परवानगी घ्या. बापाला न सांगता त्याची असहायता चित्रित करणं बरं नाही. गोळीच्या आधीचं चालणं आणि गोळीनंतरचं चालणं, अर्धा अर्धा मिनिट पुरे. मंडळ ते पाहीलच असं नाही, पण उपचार करणाऱ्या न्यूरोलॉजिस्टला दाखवलं तर तो आपल्या पत्रात ते लिहू शकतो.

ते पत्र मागताना संकोच करू नका. त्यात निदानाची तारीख, लक्षणं कधीपासून, आत्ताची औषधं, दिवसातून साधारण किती वेळ असर उतरलेला असतो, आणि आजाराची पायरी, एवढं असावं. पार्किन्सन्ससाठी होएन-यार नावाची १ ते ५ पायऱ्यांची मोजणी आहे. मल्टिपल स्क्लेरॉसिससाठी ० ते १० अशी ईडीएसएस नावाची मोजणी आहे. डॉक्टरला ती माहीत असते, फक्त लिहायला सांगावं लागतं. आणखी एक. पार्किन्सन्समध्ये मेंदूचा एमआरआय बहुधा नॉर्मल येतो. हे निदान मुख्यतः तपासून होतं. 'रिपोर्ट नॉर्मल आहे' म्हणून घाबरू नका आणि तो लपवूही नका.

आपल्या नावांची अडचण

हे आपल्या घरांत जास्त होतं, म्हणून स्वतंत्र सांगते. डिस्चार्ज बुकात शेख महंमद, आधारवर मोहम्मद शेख, पीपीओवर मोहद. इंग्रजीत शेखची तीन स्पेलिंगं. बेगम कुठे आहे, कुठे नाही. वडिलांचं नाव एका कागदावर आडनावाच्या जागी. पोर्टलला हा एकच माणूस आहे हे कळत नाही. तपासणीच्या दिवशी हे लक्षात आलं तर दिवस वाया जातो, आणि कंपवात झालेल्या माणसाला पुन्हा आणणं म्हणजे काय, ते आणणाऱ्यालाच कळतं. सगळे कागद एका टेबलावर पसरा, नावं एकाखाली एक लिहा, जन्मतारखा ताडून पाहा. फरक असेल तर अर्जाच्या आधीच दुरुस्ती किंवा प्रतिज्ञापत्र करून घ्या. फाइलमध्ये तारखेच्या क्रमाने कागद लावा, मूळ प्रत वेगळी, झेरॉक्स वेगळी, आणि सगळ्यात वर एक पानाचा गोषवारा.

आत गेल्यावर

आत गेल्यावर पहिलं उत्तर त्यांनाच देऊ द्या. आवाज खोल गेलेला असतो, उत्तराला वेळ लागतो, आणि आपण घाईघाईने त्यांच्या वतीने बोलून टाकतो. मग डॉक्टरला त्यांचा अडखळणारा आवाज ऐकूच येत नाही. थांबा. ते 'ठीक आहे' म्हणाले तर शांतपणे म्हणा, "अब्बा, पडण्याचं सांगा ना." राहून गेलेलं तुम्ही नंतर जोडा. रोज काठी वापरत असतील तर काठी न्या. वापरत नसतील तर त्या दिवसापुरती हातात देऊ नका.

दाखवण्यासाठी वाढवून सांगू नका. खोटेपणाने लाभ घेणाऱ्याला याच कायद्याच्या कलम ९१ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, एका खोट्या कार्डामुळे पुढच्या दहा खऱ्या माणसांकडे संशयाने पाहिलं जातं. आणि बाहेर कोणी एजंट 'टक्के वाढवून देतो' म्हणाला तर तिथून निघा.

बहिणींबद्दल थोडं वेगळं सांगायचं आहे. मल्टिपल स्क्लेरॉसिस पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त दिसतो, आणि तो नेमका लग्नाच्या वयात. त्यामुळे घर तो लपवतं. दोन-चार वर्षं निदानाचा कागदच बनत नाही, उपचार उशिरा सुरू होतात, आणि आजार कोणाच्या लग्नासाठी थांबत नाही. हा आजार अनेकांत झटक्यांनी येतो, मध्ये बरं वाटतं, म्हणून लपवणं सोपं जातं. आज इथे बसलेल्या मुलांना मी सांगते, बहिणीचा आजार लपवून तुम्ही तिची इज्जत वाचवत नाही, तिचा हक्क बुडवता. तपासणीत हात-पाय, चाल, नजर तपासावी लागते. सैल, सहज वर सरकणारी बाही असलेले कपडे घालून जा. महिला डॉक्टर किंवा नर्स सोबत असावी, अशी विनंती आधीच करा. ती विनंती करणं तुमचा हक्क आहे.

कागद हातात आल्यावर

प्रमाणपत्र मिळालं की फोटो काढून ग्रुपवर टाकण्याआधी ते वाचा. आजाराचं नाव बरोबर आहे का, टक्के किती, कायमचं की तात्पुरतं, तात्पुरतं असेल तर कोणत्या तारखेपर्यंत. वाढत जाणाऱ्या आजारात टक्केवारी बदलण्याची शक्यता असते, त्यामुळे मुदतीचं प्रमाणपत्र मिळू शकतं. ती तारीख मोबाइलमध्ये टाका आणि तीन महिने आधीची आठवण लावा. आजार वाढला तर पुन्हा तपासणी मागता येते. आणि ही वही चालू ठेवली असेल तर पुढच्या वेळची तयारी आपोआप होत राहते.

निर्णय पटला नाही तर कलम ५९ प्रमाणे अपील करता येतं. सैन्याच्या बाबतीत आधी पहिलं अपील, मग दुसरं, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने हे न्यायाधिकरण आलं, आणि त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. अपिलात 'अन्याय झाला' एवढं लिहून चालत नाही. कोणती नोंद पाहिली गेली नाही, मंडळाने कारण दिलं का, हे लिहावं लागतं. म्हणूनच मंडळाच्या कागदाची प्रत मिळवणं महत्त्वाचं.

आणि एकटे पडू नका. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, रुग्ण आणि त्यांचे घरचे एकत्र येऊन चालवलेला स्वमदत गट. मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडियाच्या शाखा मुंबई आणि पुण्यात आहेत. आपल्या मोहल्ल्यातून तिथे फार कमी लोक पोचतात. तिथे कोणी आपल्याला अडवलेलं नाही, आपणच गेलेलो नाही.

शेवटी एक गोष्ट. बरेच चाचा म्हणतात, "खैरात नको बेटा, आपलं भागतंय." त्यांना नीट समजावून सांगा. खैरात देणाऱ्याच्या मनावर असते. हा संसदेने केलेला कायदा आहे, त्यात ज्याचं नाव बसतं त्याचा तो हक्क आहे, आणि तो मागताना मान खाली घालायचं कारण नाही. ज्या माणसाने सीमेवर पहारा दिला, त्याला स्वतःच्या देशाच्या कायद्यापुढे उभं राहायला लाज कसली?

तुम्हाला मी घरी करायला एक काम देते. तुमच्या गल्लीत, नात्यात, मशिदीच्या मागच्या ओळीत खुर्चीवर नमाज पढणारा, सही करायला लाजणारा, चालताना दारात अडकणारा एखादा माणूस शोधा. आधी त्याला न्यूरोलॉजिस्टकडे न्या. निदान झालेलं असेल तर विचारा, कार्ड काढलंय का? नसेल तर येत्या रविवारी त्यांच्याकडे जा, चहा घ्या, आणि वहीत चार रकाने पाडून द्या.

काही अडलं तर मी आहेच.